ब्लार्नीचा दगड आणि शेतातले 'ते'

प्रश्न: ताई नमस्कार, मुलगा-सून सध्या आयर्लंडला कॉर्कमध्ये आहेत, मी पुढच्या महिन्यात जातेय. सून म्हणते जवळच ब्लार्नीचा किल्ला आहे, तिथल्या एका दगडाचा मुका घेतला की माणूस बोलण्यात पटाईत होतो (आमच्या घरी मला त्याची गरज आहे असं कुणी म्हणणार नाही!). आणि त्यांची घरमालकीण सांगते, शेतातल्या गोल बांधाच्या आत जाऊ नका, तिथे 'ते' राहतात. हे कितपत खरं धरायचं?
– एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर: अहो वहिनी, मुका घ्यायचा तर खुशाल घ्या, पण पाठ-कंबर धड असेल तरच, कारण तो दगड किल्ल्याच्या अगदी वरच्या भिंतीत आहे आणि उताणं पडून, लोखंडी दांडे धरून, डोकं मागे खाली सोडावं लागतं. किल्ला १४४६चा, मॅकार्थी घराण्याचा. दगड स्कॉटलंडच्या राजाने भेट दिला वगैरे सांगतात, पण २०१४मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी त्याचा जुना नमुना मायक्रोस्कोपखाली बघितला तर तो तिथलाच चुनखडीचा निघाला. म्हणजे भेटीची गोष्ट गेली, रांग काही गेली नाही.

मला विचाराल तर खरा माल घरमालकिणीकडे आहे. ते गोल बांध म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, भोवती मातीचा नाहीतर दगडाचा गोल गडगा, आणि असे देशभर चाळीस हजारांच्या वर आहेत. एवढे टिकले कसे? तर लोक म्हणायचे ही परीलोकांची जागा, इथे नांगर घातला की गुरं मरतात, घरात आजारपण येतं, मग कोण हात लावणार, पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीने आपल्याकडे एवढं काम केलेलं मी तरी बघितलं नाही. तिकडच्या क्लेअर परगण्यात तर १९९९ साली परीलोकांचं म्हणून एक काटेरी झुडूप वाचवायला हायवेचं काम अडलं आणि ते झुडूप राखलं गेलं.

आपण ग्वाल्हेरवाले यावर हसू शकत नाही हं. सूरजसेन राजाचा कुष्ठरोग ग्वालिपा साधूने दिलेल्या पाण्याने गेला आणि म्हणून किल्ला बांधला, हे आपण पाहुण्यांना सूरजकुंडावर उभं करून सांगतोच की, तेव्हा कुणी पुरावा मागत नाही.

आणि सुनेला एक काम सांगा. १९३७ ते ३९मध्ये तिथल्या सरकारने शाळेतल्या पोरांना वह्या दिल्या आणि घरच्या म्हाताऱ्यांकडून गावातल्या गोष्टी लिहून आणायला लावल्या, पडके किल्ले, पुरलेलं सोनं, शापाचे दगड सगळं त्यात आहे, आणि ते आता दूखस नावाच्या साइटवर फुकट वाचता येतं. तिथे ती राहते त्या गावाचं नाव टाकून बघ म्हणावं, आणि जे निघेल ते घरमालकिणीला चहाला बोलावून विचारा, ती आणखी चार गोष्टी सांगेल.

बांधाच्या आत जायचं का? शेत दुसऱ्याचं असतं, आधी मालकाला विचारा. तो नको म्हणाला तर कारण विचारत बसू नका.