गेटवरचा मामा पोलीस नसतो

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलीला छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळतोय, हॉस्टेलचा अर्ज भरलाय, तुम्ही तिकडे जिंतूर तालुक्यात. अमेरिकेत शिकणारा पुतण्या म्हणतो की तिथे कॉलेजचे स्वतःचे पोलीस असतात. आपल्याकडे तसं काही आहे का, रात्री-अपरात्री काही झालं तर आधी फोन कोणाला करायचा आणि गेटवरच्या वॉचमनवर भरवसा ठेवावा का, हे तुम्हाला हवंय. मी मराठवाड्यातल्याच एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलवर 19 वर्षं रेक्टर होते. आता निवृत्त आहे, म्हणून जरा मोकळं बोलते.

पुतण्या खरं सांगतोय. तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांत स्वतःचं पोलीस खातं असतं. वर्दी, पिस्तूल, अटकेचा अधिकार, सगळं. 1990 पासून तिथे क्लेरी कायदा आहे. त्यामुळे आपल्या आवारात वर्षभरात काय काय गुन्हे घडले याचे आकडे विद्यापीठांना दरवर्षी जाहीर करावे लागतात. आपल्याकडे यातलं काहीच नाही. आपल्याकडे कॅम्पस हा कोणत्या तरी पोलीस ठाण्याच्या हद्दीतला एक तुकडा असतो, इतकंच. तुमच्या मुलीचं विद्यापीठ बेगमपुरा ठाण्याच्या हद्दीत येतं. 14 जानेवारीला नामविस्तार दिनाला विद्यापीठ गेटवर लोटणारी गर्दी, निवडणुका, मोर्चे, अशा वेळी बंदोबस्त दिसतो. एरवी रोजचा पोलीस आत नसतो. आणि ‘कुलगुरूंच्या परवानगीशिवाय पोलीस आत येऊ शकत नाहीत’ असं कोणी सांगितलं तर ते डोक्यातून काढून टाका. तो रिवाज आहे, कायदा नाही. गुन्हा घडत असेल तर पोलिसांना गेटवर थांबून चिठ्ठी पाठवावी लागत नाही.

मग गेटवर उभा असतो तो कोण? मुलं त्याला मामा म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो ठेकेदाराचा माणूस असतो, बारा-बारा तासांची ड्युटी करतो, आणि ठेका बदलला की मामाही बदलतो. त्याच्या अंगावरची वर्दी पोलिसाची नाही. पकडण्याचा अधिकार त्याला तुमच्या-माझ्याइतकाच: डोळ्यांदेखत गंभीर, अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक धरू शकतो, पण जुलै 2024 पासूनच्या नव्या फौजदारी कायद्याप्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. त्याने मुलीचा मोबाईल काढून घेणं, पोराच्या कानाखाली वाजवणं किंवा कोणाला रात्रभर केबिनमध्ये बसवून ठेवणं, यातलं काहीही त्याच्या कामात बसत नाही. त्याचं खरं काम बघणं, अडवणं आणि कळवणं. ते तो नीट करत असेल तर लाखमोलाचा माणूस. माझ्या आयुष्यात असे दोन मामा आले, आणि त्यातल्या एकामुळेच मी काय शिकले ते सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. दुसऱ्या वर्षाच्या दोघी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. लातूरकडच्या होत्या. ‘मॅडम, ते दोघं रोज बसस्टॉपपासून गाडीवर मागं येऊ लालेत. काही बोलत नाहीत, निसतं मागं येतेत.’ गेटवरच्या मामांनी त्या पोरांना एकदा हटकलं होतं आणि गाडीचा नंबर पेनाने तळहातावर लिहून घेतला होता. मी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, ‘पुढच्या आठवड्यात नॅकची टीम येतेय मॅडम. तेवढं पार पडू द्या, मग बघू.’ नॅक म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणारी संस्था. मी हो म्हणाले. ते हो म्हणणं आजही मला टोचतं, कारण नॅकची टीम येऊन गेली, चहा-फराळ झाला आणि मग कोणी काही बघितलं नाही. अठराव्या दिवशी त्याच दोघांनी गल्लीच्या तोंडाशी एकीची ओढणी ओढली.

आम्ही ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार चांगला होता, बसवलं, पाणी दिलं, आणि साधे प्रश्न विचारले. पहिल्यांदा कधी मागे आले? तारीख? किती वेळा? नंबर? कोणी पाहिलं? आमच्याकडे एकाही प्रश्नाला कागदावरचं उत्तर नव्हतं. तळहात केव्हाच धुतला गेला होता. मामा तर ठेक्याबरोबर गेले होते. झेरॉक्सच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात त्या दिवशीचा प्रकार मिळाला आणि पोरं सापडलीही, पण आधीचं रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं. त्यामुळे ओढणीचा गुन्हा नोंदला गेला आणि अठरा दिवसांचा पाठलाग जणू झालाच नव्हता.

हे लांबण लावून सांगण्याचं कारण असं, की पाठलाग हा गुन्हा ‘पुन्हा पुन्हा’ या शब्दावर उभा असतो. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. मुलीने नको म्हणून स्पष्ट दाखवल्यावरही तो वारंवार मागे आला, हे दाखवावं लागतं. आणि वारंवार म्हणजे तारखा. एक तारीख म्हणजे योगायोग, पाच तारखा म्हणजे केस. दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही आणली, सुतळीने गेटच्या टेबलाला बांधली आणि नव्या मामाला सांगितलं: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कोणी सांगितलं, सही. मुलींनी तिला ‘मामाची डायरी’ नाव दिलं. प्राचार्यांना ती वही आवडली नाही, पुढच्या नॅकला दिसेल म्हणून. मी निवृत्त होईपर्यंत मात्र ती तिथेच होती.

तुमच्या मुलीला वही बांधायची गरज नाही. तिला एवढंच सांगा की तिच्या मोबाईलमध्ये तिची स्वतःची नोंद असू दे, घडलं त्याच रात्री लिहिलेली. आणि कॉलेजात काहीही सांगायचं ते अर्ज लिहून, दोन प्रतींत. एक प्रत देताना दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायचा. बाबू म्हणाला ‘साहेब नाहीत, नंतर या’, तर तिथेच उभं राहून ईमेल करायचा. पोच नसलेला अर्ज कॉलेजात कोणी वाचत नाही, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगतेय.

आता फोन. जीवावरचं, अंगावरचं, आत्ता घडतंय असं काही असेल तर आधी 112. रेक्टर नंतर, तुम्ही त्याच्याही नंतर. (मुली उलटं करतात. आधी मैत्रिणीला, मग घरी. तुम्ही जिंतूरहून काय करणार?) यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. महाराष्ट्रात 112 चा फोन ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबईच्या केंद्रात जातो, तिथला ताण वाढला तर नागपूरच्या, आणि तिथून आपल्या शहरातल्या जवळच्या पोलीस गाडीला निरोप जातो. म्हणजे फोन उचलणाऱ्या बाईला ‘कँटीनच्या मागं’ म्हणजे काय ते कळणार नाही. शहर, विद्यापीठाचं पूर्ण नाव, हॉस्टेलचं नाव, जवळची मोठी खूण, या क्रमाने बोलायचं. घरी एकदा तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. हसेल, हसू द्या.

त्याशिवाय बेगमपुरा ठाण्याचा नंबर आणि रेक्टरचा नंबर सेव्ह असावा. शहरात पोलिसांचं दामिनी पथक फिरत असतं, छेडछाडीच्या तक्रारीला त्याचा चांगला उपयोग होतो. ऑनलाइन पैसे गेले तर 1930, आणि तोही तासाभरात, दुसऱ्या दिवशी नाही.

ठाण्यात जाण्याची वेळ आली तर दोन-तीन शब्द माहीत हवेत, नाहीतर माणूस कागद घेऊन येतो आणि तो कशाचा आहे हेच त्याला कळत नाही. ‘अर्ज घेतलाय’ म्हणजे गुन्हा नोंदला नाही. ‘एनसी केलीय’ म्हणजे अदखलपात्र नोंद, तपास आपोआप सुरू होत नाही. ‘एफआयआर’ झाला तरच तपास, आणि त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. मोबाईल चोरीत हा खेळ फार चालतो. चोरी झालेली असते आणि कागदावर ‘गहाळ’ येतं. लेकरं घाईत सही करून मोकळी होतात. चोरीला गेला असेल तर चोरीच लिहायला लावा. मात्र पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्रच आहे, तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही. हातात पोलिसांचा कागद आला की सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर हँडसेट बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर लागतो. तो आजच वहीत लिहून ठेवा, खोक्यावर छापलेला असतो.

हद्दीचं भांडण तुम्हाला भेटेलच. समजा मुलगी जिंतूरहून एसटीने येतेय, जालन्याच्या अलीकडे कोणी अंगचटीला आलं, आणि ती संभाजीनगरच्या बसस्टँडवर उतरली. इथलं ठाणं म्हणेल, ‘आमच्या हद्दीत घडलं नाही, जालन्याला जा.’ तसं म्हणता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी फिर्याद घ्यावी लागते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात, मग तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. अशा गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. फिर्याद घेतलीच नाही तर तीच लेखी स्वरूपात वर पाठवायची. मराठवाड्यात आयुक्तालय फक्त संभाजीनगर शहराला आहे, तिथे आयुक्तालयात. बाकी परभणी, लातूर, नांदेड, कुठेही असलात तर पोलीस अधीक्षकांकडे. त्यानेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी. माझा अनुभव असा की आयुक्तालयाच्या आवक शिक्क्याची झेरॉक्स ठाण्यात दाखवली की पुढची पायरी सहसा लागत नाही.

सगळंच पोलिसांकडे न्यायचं नसतं, हेही खरं. शिक्षक, कर्मचारी किंवा बरोबरचा विद्यार्थी लैंगिक त्रास देत असेल तर कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती आहे. जुनी माणसं अजून विशाखा समितीच म्हणतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. समितीने चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मुलीने स्वतः मागितल्याशिवाय समेट होत नाही, आणि पैसे घेऊन तर नाहीच. दुसरी, समिती आणि पोलीस एकाच वेळी चालू शकतात. ‘आधी समितीचं होऊ द्या, मग पोलिसात जा’ हे वाक्य मी स्वतः मीटिंगांमध्ये ऐकलंय. त्याला कायद्यात आधार नाही. आणि मुलगी अठराच्या आतली असेल, म्हणजे तुमची धाकटी अकरावीला लातूरला जाईल तेव्हा, तर लैंगिक गुन्हा पोलिसांना कळवणं हे कॉलेजवर बंधनच आहे, मिटवण्याचा प्रश्नच येत नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात तर कॅम्पस नावाची गोष्टच नसते. खोली, मेस आणि क्लास. तिथे रेक्टर म्हणजे घरमालकीण.

रॅगिंगचं थोडक्यात. आपल्या राज्यात 1999 चा स्वतंत्र कायदा आहे. तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर मुलाला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. त्यांनी टाळाटाळ केली तर तेच गुन्ह्याला साथ दिल्यासारखे धरले जातात. दोषी ठरलेल्या मुलाला दोन वर्षांपर्यंत कैद, आणि पाच वर्षं दुसऱ्या कॉलेजात प्रवेश नाही. ‘इंट्रो’च्या, म्हणजे सिनियरना ओळख करून देण्याच्या नावाखाली रात्री उभं करणं हेही त्यातच येतं. यूजीसीची हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास.

एक गाऱ्हाणं मांडून घेते. आमच्याकडे ‘सुरक्षा’ म्हटलं की पहिला उपाय मुलींचं गेट सातला बंद करणं. अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी, आणि हॉस्टेल सातला बंद. मग मुलगी साडेसातला आली तर ती उशिराची गुन्हेगार होते, आणि वाटेत कोणी अडवलं म्हणून उशीर झाला हे सांगायची तिची हिंमत होत नाही. मीही काही वर्षं ते कुलूप लावलं. तुम्ही घरून तिला एवढं तरी सांगून पाठवा, की उशीर झाल्याबद्दल ओरडा खावा लागला तरी चालेल, पण काय झालं ते सांगायचं.

राहता राहिला वॉचमन. प्रवेशाच्या दिवशी तुम्ही सकाळी अकराला याल, ऊन असेल, गर्दी असेल, सगळं छान दिसेल. त्या दिवशी परतीची गाडी पकडू नका. मुक्काम करा. संध्याकाळी साडेसातला तिच्याबरोबर डिपार्टमेंटपासून हॉस्टेलपर्यंत चालत जा. विद्यापीठाचं आवार मोठं आहे, लेण्यांच्या डोंगरापर्यंत पसरलेलं, आणि सगळे रस्ते सारखे वर्दळीचे नाहीत. कुठले दिवे बंद आहेत, रिक्षा कुठपर्यंत येते, कुठे झाडी आहे ते बघा. मग रात्रपाळीच्या मामांशी बोला. नाव-गाव विचारा, चहा पाजा. आणि विचारा, ‘काल रात्री काही झालं का?’ त्याने वही उघडून दाखवली तर भरवसा ठेवा. ‘इथं काही होत नसतं साहेब’ म्हणाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेक्टर मॅडमकडे एक अर्ज द्या, दोन प्रतींत, गेटवर नोंदवही ठेवावी म्हणून. मुलीच्या नावाने नाही, पालक म्हणून तुमच्या नावाने.

हॉस्टेल कोणतं मिळालं ते कळवा. त्या रस्त्याने राहिलेली एखादी माझी जुनी मुलगी सापडते का बघते.