अभ्यासिकेच्या उबंटू सर्व्हरवर डान्सगार्डियन बसवू का? सगळ्यात कडक सेटिंग कोणती?

तुमच्या अभ्यासिकेत १२ संगणक आहेत आणि मुलांनी नको ते बघू नये म्हणून विचारताय. डान्सगार्डियन म्हणजे नको ती पानं अडवणारा फिल्टर; तो बसवू नका, त्याच्या नव्या आवृत्त्या काढणं केव्हाच थांबलंय. त्यातूनच निघालेला ई२गार्डियन घ्या. मागे ३१२८ पोर्टवर स्क्विड (बाहेरून पानं आणून देणारा प्रॉक्सी), पुढे ८०८० पोर्टवर फिल्टर, आणि मुलांच्या मशीनवरून थेट बाहेर जाणारी वाट फायरवॉलमध्ये बंद. पण ‘सगळ्यात कडक’ हे वाचून मला राहवलं नाही.

२०१७ साली परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत डान्सगार्डियन मीच बसवला होता. पानावरच्या शब्दांना गुण असतात, बेरीज मर्यादेपुढे गेली की पान अडतं. मर्यादा लहान मुलांना ५०, मोठ्या मुलांना १००, तरुणांना १६० असं सेटिंगच्या (कॉन्फिग) फाईलमध्येच लिहिलेलं असतं. मुख्याध्यापक म्हणाले, ५० ठेवा. मुलं अकरावी-बारावीची, तरी मी ठेवली.

त्या साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. बारावीतलं एक लेकरू कामगंध सापळ्यांची माहिती शोधत होतं. इंग्रजीत त्याला सेक्स फेरोमोन ट्रॅप म्हणतात. मादी पतंगाच्या गंधाची गोळी लावायची, नर येऊन अडकतात. पानावर सेक्स, मेटिंग, व्हर्जिन फीमेल सगळं होतं. पान अडलं, लॉगमध्ये, म्हणजे फिल्टरच्या नोंदीत, मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा क्रमांक) आला. मुख्याध्यापकांनी प्रिंट मागितली, मी काढून दिली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्याला सगळ्यांपुढं उभं केलं. “सर, बोंडअळीचं बघत होतो ओ,” एवढंच ते म्हणत राहिलं. संध्याकाळी मी तो पत्ता स्वतः उघडला आणि सरांकडे गेलो. ते म्हणाले, “मशीन खोटं बोलतं का?”

मशीन खोटं बोलत नाही, पण त्याला वाचताही येत नाही. ते बेरीज करतं. सर आजही भेटले की म्हणतात, कडक होतं म्हणून शिस्त होती. ती शिस्त नव्हती. बापाची कपाशी वाचवू पाहणारं पोर पुन्हा लॅबमध्ये आलं नाही.

म्हणून शब्दांची तपासणी बंदच ठेवा. फ्रान्सच्या तूलूझ विद्यापीठाची अडवायच्या साइटींची यादी मोफत मिळते, ती लावा. परभणीचं कृषी विद्यापीठ, कृषी विभाग, शिक्षण मंडळ यांच्या साइटींची नावं एक्सेप्शनसाइटलिस्टमध्ये, म्हणजे कधीच न अडवायच्या साइटींच्या यादीत, आधीच टाकून ठेवा. लॉग कुणाच्या हाती देऊ नका. अडलेलं पान आधी तुम्ही उघडून बघा.

आणि हो, आता जवळपास सगळ्या साइटी एचटीटीपीएसवर असतात, म्हणजे मजकूर कुलूपबंद होऊन येतो. फिल्टरला फक्त साइटचं नाव दिसतं, आतला मजकूर नाही. तो बघायचा तर प्रत्येक मशीनमध्ये आपलं सर्टिफिकेट घालावं लागतं. अभ्यासिकेत पोरं बँकेचं, परीक्षेच्या फॉर्मचं काम करतात, तिथं ते करू नका. मोबाईलच्या डेटावर तर यातलं काहीच चालत नाही.