स्नायूतील एम-आरएनए : किती टिकतो, कोठे जातो?

प्रश्न : लसीबरोबर दंडात गेलेला एम-आरएनए थोड्याच दिवसांत नष्ट होतो, असे करोनाकाळात वाचले होते. मग स्नायूंच्या पेशी स्वतः तयार करतात त्या एम-आरएनएचे आयुष्य कोण ठरवते? आणि एवढ्या लांबलचक पेशीत तो हव्या त्या जागी पोहोचतो कसा? – एक वाचक

उत्तर : आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या लसी एम-आरएनएच्या नव्हत्या, हे जाता जाता नोंदवतो. तुमचा मूळ प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. एम-आरएनए म्हणजे जनुकातील प्रथिन बनवण्याच्या सूचनेची पेशीत फिरणारी नक्कल.

एम-आरएनएचे आयुष्य बव्हंशी त्याच्या शेपटाकडील, प्रथिनात कधीच न उतरणाऱ्या भागावर ठरते. तेथे अनेकदा आरएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि यू यांची गर्दी असते आणि त्यांना कोणते प्रथिन चिकटते त्यावर रेणू टिकणार की तोडला जाणार हे अवलंबून असते. मायोजेनिन हे स्नायुपेशीला परिपक्व करणारे प्रथिन आहे. पण अजून विभाजन पावणाऱ्या अपरिपक्व पेशीत केएसआरपी नावाचे प्रथिन त्याचा एम-आरएनए पकडून विघटन करणाऱ्या विकरांच्या हवाली करते. परिपक्व होण्याची वेळ आली की पी-३८ हे विकर केएसआरपीला फॉस्फेट जोडते, त्याची पकड सुटते आणि एचयूआर हे दुसरे प्रथिन त्याच एम-आरएनएला संरक्षण देते. पाठ्यपुस्तकांत जनुक चालू-बंद होण्यावरच सगळा भर असतो, तो मला अपुरा वाटतो तो यामुळेच.

आता जागेविषयी. अनेक पेशी एकजीव होऊन बनलेल्या स्नायुतंतूत शेकडो केंद्रके असतात. त्यांतून बाहेर पडलेला एम-आरएनए आपोआप सर्वत्र पसरत नाही. कायनेसिनसारखी वाहक प्रथिने त्याला सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीतील रुळांसारख्या नळ्यांवरून, नेतात, आणि सूक्ष्मनलिका मोडल्या तर तो केंद्रकांभोवतीच साचतो. चेतातंतू जेथे स्नायूला भिडतो तेथे असेटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाला पकडणाऱ्या ग्राही प्रथिनांचा एम-आरएनए दाटतो, कारण त्या ठिकाणची केंद्रकेच तो तयार करतात.

ही व्यवस्था कोलमडली की काय होते, हे मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराच्या पहिल्या प्रकारात दिसते. १९९२ मध्ये या आजाराचे मूळ १९ व्या गुणसूत्रावरील डीएमपीके जनुकात सापडले. त्यात सीटीजी ही तीन अक्षरे निरोगी माणसात साधारण ५ ते ३७ वेळा येतात, रुग्णांत ५० पासून काही हजार वेळांपर्यंत. असा लांबलेला आरएनए केंद्रकातच अडकून गुठळ्या करतो आणि आरएनएचे तुकडे योग्य रीतीने जोडण्यास मदत करणारी एमबीएनएल नावाची प्रथिने स्वतःत गुंतवून ठेवतो. त्यांच्या अभावी क्लोराइड वाहिनीच्या एम-आरएनएची जोडणी चुकते, त्यात प्रथिन अर्ध्यातच थांबवणारा अकाली विराम येतो आणि पेशी तो सदोष समजून नष्ट करते. वाहिन्या कमी पडल्यामुळे आकुंचन पावलेला स्नायू लवकर सैल होत नाही आणि आवळलेली मूठ रुग्णाला चटकन उघडता येत नाही. डीएमपीकेचा हा आरएनएच तोडून टाकणाऱ्या औषधांच्या चाचण्या आता रुग्णांवर सुरू झाल्या आहेत.