डुकरांच्या खाद्यात पीजी करायचं म्हणते, तिला समजवा

ठाण्याहून एका वडिलांनी लिहिलंय. मुलगी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजला आहे, सध्या इंटर्नशिप चालू. तिला ॲनिमल न्यूट्रिशनमध्ये, म्हणजे जनावरांच्या आहारशास्त्रात, एमव्हीएससी (व्हेटर्नरीची मास्टर्स) करायचंय आणि ते पण डुकरांच्या खाद्यावर. वडील म्हणतात तिला समजवा, मी घोडबंदर रोडला कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाकून देतो, गाळा पण बघितलाय. शेवटी लिहितात, "नातेवाईकांना फक्त डॉक्टर होतेय एवढंच सांगितलंय. उद्या स्थळं येतील, त्यांना काय सांगू? डुकरांचं काम आपल्यातलं नाही. ऐकलं नाही तर पीजीचा एक रुपया देणार नाही."

साहेब, तुमचं पत्र मी नीट वाचलं आणि मला काळजी तुमच्या मुलीची नाही, तुमची वाटली. एवढ्या मोठ्या पत्रात तिला हा विषय का आवडला, कधीपासून आवडला हे कुठेच नाही, म्हणजे तुम्ही तिला विचारलेलंच नाही. स्थळं मात्र तीन वेळा आली आहेत, आणि अजून एकही स्थळ प्रत्यक्षात आलेलं नाहीये. नीटची परीक्षा क्रॅक करून परळची सीट मिळवणारी, साडेपाच वर्षांचा कोर्स पूर्ण करत आणलेली मुलगी आहे तुमची आणि तुम्ही ती काय शिकते हे लपवताय. तिला हे कळत नसेल असं वाटतं का तुम्हाला? घरात फोनवर आपले बाबा आपल्याबद्दल अर्धंच सांगतात हे मुलांच्या बरोबर लक्षात येतं, आणि ते खूप लागतं.

आणि ते "आपल्यातलं नाही". तुम्ही जात हा शब्द लिहिला नाहीत पण अर्थ तोच आहे, तो तसाच सोडून मला पुढे जाता येत नाही. आपल्याकडे डुकरं कोण पाळायचं, त्यांना गावात कुठे राहायला लावलं हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. काम हलकं नव्हतं, ते करणाऱ्यांना हलकं ठरवलं गेलं. तुमच्या मुलीने गाभण म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला असेल, पोस्टमॉर्टेम केली असतील, ते सगळं तुम्हाला चाललं. अडलं कुठे तर प्राण्याच्या नावाशी. हे ओझं तुमचं आहे, तिच्या करिअरवर ते टाकू नका.

आता तुमचं दुसरं वाक्य, "डुक्कर काहीही खातं, त्यात संशोधन कसलं?" काहीही खातं हे खरं, पण काहीही पचवतं असं नाही. गाय-म्हैस रवंथ करणारी, तिच्या पोटातले जंतू साध्या चाऱ्यातून पण तिला प्रोटीन तयार करून देतात. डुकराचं पोट आपल्यासारखं एका कप्प्याचं, त्यामुळे गरजेचं अमिनो ॲसिड, म्हणजे ज्यापासून प्रोटीन बनतं ते, खाद्यात नसेल तर ते त्याला मिळणारच नाही. मक्यावर वाढवलं की सगळ्यात आधी लायसिन नावाचं अमिनो ॲसिड कमी पडतं, मग लोक सोयापेंड वाढवतात, ती महाग, आणि जादाचं प्रोटीन नायट्रोजन होऊन लघवीतून बाहेर, म्हणजे पैसा पण गेला आणि आजूबाजूचं पाणी पण खराब. त्यापेक्षा पेंड थोडी कमी करून लायसिन वेगळं घालायचं, पण किती, वाढत्या पिल्लाला किती, दूध पाजणाऱ्या मादीला किती, हा हिशोब म्हणजे हे संशोधन, आणि वराहपालनात साधारण 60 ते 70 टक्के खर्च खाद्याचाच असतो त्यामुळे या हिशोबावर शेतकरी तरतो किंवा बुडतो. पिल्लांचंच बघा, तीन-चार आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडून कोरड्या खाद्यावर आणलं की ते आधी खातच नाही, आतड्याच्या आतली बारीक लव आखूड होते, मग हगवण, आणि पिल्लं जातात. युरोपात यावर झिंक ऑक्साइडचा मोठा डोस द्यायचे, पण ते जमिनीत साचतं आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात म्हणून जून 2022 पासून बंद केलं. आता त्याच्याऐवजी काय, हा प्रश्न जगभरातल्या संशोधकांपुढे आहे. आणि हॉटेलचं उष्टं घातलं की झालं म्हणणाऱ्यांसाठी, 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर आला, तो माणसाला होत नाही पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो, आणि नीट न उकळलेलं उष्टं हा तो पसरण्याचा एक मोठा रस्ता आहे.

नोकरीचं मात्र मी मुलीलाच स्पष्ट सांगते, हे तिला वाचायला द्या. बाळा, महाराष्ट्रात फक्त डुकरांच्या खाद्यावर घर चालेल इतक्या जागा नाहीत. 2019 च्या पशुगणनेत देशात साधारण 90 लाख डुकरं होती, त्यातली 21 लाख एकट्या आसामात. म्हणून डिग्री 'डुकरांची' समजू नकोस, ती न्यूट्रिशनची आहे. कोंबडी पण रवंथ करत नाही, तिथे लायसिनच्या आधी मिथिओनिन हे दुसरं अमिनो ॲसिड कमी पडतं एवढाच फरक, फायटेजपासून (धान्यातलं फॉस्फरस मोकळं करणारं एन्झाइम) फॉर्म्युलेशनपर्यंत (खाद्यात काय किती घालायचं ते ठरवणं) बाकी बरंचसं गणित तेच, आणि पोल्ट्री फीडचा धंदा आपल्याकडे पुणे-नाशिक पट्ट्यात जोरात आहे. थिसिस डुकरांवर कर, हात कोंबडीच्या खाद्यावर पण बसव. पशुधन विकास अधिकाऱ्याची एमपीएससी, पुढे एआरएस, म्हणजे कृषी संशोधन सेवा, हे तुला सीनियर्स सांगतीलच.

पैशाची धमकी तर सोडूनच द्या साहेब. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) पीजी परीक्षेत वरचा नंबर आला तर तिला फेलोशिप मिळेल आणि ती तुमच्याशिवाय जाईल. प्रश्न एवढाच की ती जाताना तुमच्याशी बोलत असेल की नाही. आणि दवाखाना तिला नकोय, जबरदस्तीने काढलेल्या दवाखान्यात हाल मुक्या जनावरांचे होतात.

बाळा, तू गुवाहाटीजवळच्या राणीच्या वराह संशोधन केंद्राची माहिती काढली आहेस असं बाबांनी लिहिलंय. चांगलं केलंस, पण ती संशोधन संस्था आहे, डिग्री तुला विद्यापीठाची घ्यावी लागेल, बरेलीचं आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था, तीच विद्यापीठासारखी डिग्री पण देते) बघ, गुवाहाटीतलं खानापाराचं व्हेटर्नरी कॉलेज बघ. कोणत्या गाईडकडे डुकरांच्या खाद्याचा प्रोजेक्ट खरंच चालू आहे ते आधी मेल करून विचार, नाहीतर दोन वर्षं शेळ्यांवर काम करून परत येशील. आणि इंटर्नशिप संपायच्या आत एखाद्या चालू डुक्कर फार्मवर थोडे दिवस राहून ये, खाद्य स्वतः मोजून घाल, उरलेलं स्वतः मोज. बाबांना एक दिवस सोबत ने.