नळीवर नुसतं ‘फॅट’ लिहू नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मेदऊतकावर, म्हणजे शरीरातल्या चरबीवर, पीएचडी करायचं ठरवलंस, फार आनंद झाला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला होता, तो आधी शोधून बघ. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंसुद्धा अशीच: इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी, स्नायू बारीक, पण चरबी त्या मानाने राखलेली.

म्हणून प्रश्न ठरवताना चरबी किती यावर थांबू नकोस, कुठली आणि कुठे ते विचार. लिपोडिस्ट्रॉफी या आजाराच्या रुग्णांत चरबी जवळजवळ नसतेच, तरी मधुमेह आणि फॅटी लिव्हर दोन्ही जोरात होतात. त्वचेखाली मेद साठवायला जागा उरली नाही की तो यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतो. माझ्या मते आपल्याकडच्या मधुमेहाचं बरंचसं कोडं इथेच आहे.

सुरुवात बहुधा थ्रीटीथ्री-एलवन पेशींवर होईल, म्हणजे प्लेटमध्ये वाढवून मेदपेशी बनवता येणाऱ्या उंदराच्या पेशींवर. वाढवताना त्यांना काफ सीरम (वासराच्या रक्तातलं) दे, फीटल बोव्हाइन (गर्भातल्या वासराचं) नको, आणि प्लेट ७० टक्के भरली की लगेच पॅसेज कर, म्हणजे पेशी विरळ करून नव्या प्लेटमध्ये घाल. दाटी होऊ दिलीस तर मेदपेशी होण्याची क्षमता असलेल्या पेशी कमी होत जातात, उरतात त्या नुसत्या वाढणाऱ्या. प्लेट पूर्ण भरल्यावर दोन दिवस थांब. मग मेदपेशी बनायला लावण्यासाठी १० टक्के फीटल बोव्हाइन सीरम घातलेल्या मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) ०.५ मिलिमोलर आयबीएमएक्स, १ मायक्रोमोलर डेक्सामेथासोन आणि इन्सुलिन, ४८ तास. पुढचे ४८ तास फक्त इन्सुलिन, नंतर दर दोन दिवसांनी साधं मीडियम. आठव्या दिवसाच्या सुमारास पेशींत तेलाचे थेंब भरलेले दिसतात. त्या वेळी पेशी सहज सुटून येतात, म्हणून मीडियम सगळं ओढू नकोस, थोडं ठेव आणि नवं कडेने हळू सोड. ऑइल रेड ओ हा मेद रंगवणारा रंग वापरायच्या आधी दर वेळी गाळ, नाहीतर रंगाचे कण तेलाच्या थेंबांसारखे दिसून फसवतील.

ऊतकातून आरएनए काढताना १ मिली ट्रायझॉलला (ऊतक विरघळवणारं द्रावण) १०० मिलिग्रॅमच्या वर ऊतक घेऊ नकोस. वाटून झाल्यावर क्लोरोफॉर्मच्या आधी एकदा ४ अंशांवर सेंट्रीफ्यूज कर. वर पांढुरका तेलकट थर येईल. टिप त्याच्या खाली घालून मधलं स्वच्छ द्रव उचल. हा थर क्लोरोफॉर्मपर्यंत गेला तर पुढे शुद्धता बिघडते आणि दोष किटला दिला जातो.

उंदराच्या जांघेतल्या चरबीच्या गादीत, रक्तवाहिन्या एकमेकींना भेटतात तिथे, मण्याएवढी लसिकाग्रंथी असते. उजेडात धरलीस तर दिसेल. ती राहून गेली तर टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशींची जनुकं भरमसाट दिसतात आणि लठ्ठपणामुळे दाह वाढला असं तू लिहून बसशील. एकात काढलीस तर सगळ्यांत काढ.

प्राणिशाळेचं २२ अंश तापमान उंदराला थंडीचं आहे. त्याला ऊब राखायला तपकिरी मेद, म्हणजे उष्णता निर्माण करणारी चरबी, कामाला लावावी लागते, सुखाचं तापमान ३० च्या आसपास. कमी-जास्त ऊर्जा खर्चाबद्दल बोलायचं असेल तर दोन्ही तापमानांवर बघ. मेदयुक्त आहाराची तुलना साध्या दाणाखाद्याशी करू नकोस: तंतू, साखर, सगळंच बदलतं, मग फरक मेदामुळे पडला असं म्हणता येत नाही. त्याच कंपनीचं त्याच घटकांचं कमी-मेदाचं खाद्य माग. नॉकआउटशी (एखादं जनुक बंद केलेल्या उंदराशी) तुलना एकाच वीणीतल्या भावंडांची कर. ब्लॅक-सिक्स या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या वाणाच्या जे आणि एन या उपजाती ग्लुकोज चाचणीत सारख्या नाहीत, जे मध्ये एनएनटी जनुक बिघडलेलं असतं.

माणसांचे नमुने हवे असतील तर नैतिक समितीचा अर्ज पहिल्याच सहामाहीत टाक, परवानगीला महिने जातात. शल्यचिकित्सकाला आधीच भेटून सांग की पोटाच्या त्वचेखालचा आणि ओमेंटमचा (पोटाच्या आत आतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या पडद्याचा), असे दोन नमुने वेगळ्या डब्यांत हवेत. प्रत्येक नळीवर जागा, वेळ, रुग्णाचा सांकेतिक क्रमांक, उपाशी किती तास, मधुमेहाचं औषध चालू आहे का, एवढं त्याच क्षणी लिही, कारण दोन वर्षांनी फ्रीझर उघडशील तेव्हा ओमेंटम कुठलं आणि त्वचेखालचं कुठलं, हे नुसतं बघून कळत नाही.