फोटोचा 'साइज' : आकार, आकारमान की माप?

प्रश्न असा आलाय की घरच्या इंकजेट प्रिंटरवर फोटो बरोब्बर साइजमध्ये कसा छापायचा यावर मराठीत लिहायचंय, तर साइजला आकार म्हणायचं की आकारमान की माप.

माझं मत माप. आकार म्हटलं की आधी गोल-चौकोनी डोळ्यासमोर येतं, शिवाय लाइट बिलावरचा 'स्थिर आकार' म्हणजे तर चक्क पैसे. आकारमान शाळेच्या विज्ञानात घनतेच्या सूत्रात बसलंय, वस्तुमान भागिले आकारमान, ते सपाट कागदाला कशाला लावायचं. माप मात्र टेलरकडचं, फूटपट्टीचं. 'मापात पाप' म्हणतो आपण, आकारात पाप कोणी म्हणत नाही! आणि इथे प्रश्न नेमका मिलिमीटरचाच आहे.

पण नुसतं साइजच्या जागी माप टाकून भागणार नाही, कारण साइज आपण वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. आयबीपीएसच्या बँक भरतीच्या सूचना बघा, फोटो ४.५ × ३.५ सेमी, स्कॅन २०० × २३० पिक्सेल, फाइल २० ते ५० केबी. तिन्हीला आपण साइजच म्हणतो. केबी म्हणजे फाइलचं वजन म्हणा हवं तर, त्याचा छापील मापाशी थेट संबंध नाही. पिक्सेल म्हणजे नुसते ठिपके, एका इंचात किती बसवायचे हे ठरवल्याशिवाय त्यांना माप नसतं. ३५ × ४५ मिमीचा फोटो इंचाला ३०० पिक्सेलने केला तर ४१३ × ५३१ पिक्सेल होतात, पण त्याच फाइलमधली ३०० ची नोंद कुठे पाठवताना पुसली गेली आणि प्रोग्रॅमने ७२ धरलं तर तेच ४१३ पिक्सेल जवळजवळ १४६ मिमी रुंद छापले जातात, फाइल तीच, पिक्सेल तेच. प्रिंटरच्या खोक्यावरचं ५७६० × १४४० डीपीआय ही आणखी वेगळी गोष्ट, ते प्रिंटर इंचाला शाईचे किती थेंब टाकू शकतो त्याचं, तो आकडा फोटोत भरायला जाऊ नका.

मग प्रिंटच्या खिडकीत 'पेपर साइज' दिसतं, ते कागदाचं माप. आणि 'स्केल', त्याला मी प्रमाण म्हणेन. अचूक मापासाठी हे प्रमाण १०० टक्के हवं, म्हणजे 'ॲक्च्युअल साइज', आणि 'फिट टू पेज' बंद, कारण ते मजकूर कागदात बसवायला गुपचूप लहान-मोठं करतं. 'बॉर्डरलेस' पण मापाच्या कामात नको, कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधला प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) चित्र कागदाबाहेर जाईल इतकं थोडं वाढवतो, फ्रेमसाठी छान पण पासपोर्ट फोटोसाठी नाही. एकदा १०० मिमीची रेघ छापून पट्टीने मोजा, ९८ भरली तर प्रमाण १०२ करा, आडवी आणि उभी दोन्ही मोजा कारण कागद सरकतो त्या दिशेला फरक वेगळा येऊ शकतो.

फोटोच्या कागदावर लिहिलेलं '४ आर' म्हणजे काय हेही विचारलं होतं, ते सांगतो. ते कागदाच्या मापाचं नाव, तो आकडा लहान बाजूचे इंच, म्हणजे ४ × ६, १०२ × १५२ मिमी. ५ आर म्हणजे ५ × ७. (३ आर मात्र ३.५ × ५, तिथे नियम हुकतो.) प्रिंटरच्या यादीत '१० × १५ सेमी' दिसतं तो हाच कागद, आकडा फक्त गोल केलेला. मोबाइलचा फोटो ४:३ असेल तर ६ इंचाला उंची साडेचार होते, अर्धा इंच कापला जाणार किंवा बाजूला पांढरं राहणार, आणि हे मापाचं नाही, आकाराचं भांडण. इथे आकार शब्द अगदी चपखल बसतो, म्हणून तो याच्यासाठीच राखून ठेवा.