कॉफीतला मसाला पाकात उतरवा

पानगळीच्या दिवसांत दालचिनी, लवंग, जायफळ, आलं घातलेलं कॉफीचं कॉकटेल घरी करून पाहणाऱ्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: एस्प्रेसो मार्टिनीत (व्होडका, कडक कॉफी आणि कॉफी लिकरचं थंड कॉकटेल) दालचिनी पूड आणि जायफळ पूड टाकून शेक केलं. वर तपकिरी गुठळ्या तरंगल्या, तळाशी गाळ बसला आणि चव कडवट लागली. प्रमाण चुकलं का?

प्रमाण नाही, मसाला घालायची जागा चुकली. दालचिनीची पूड थंड द्रवात विरघळत नाही. ती पाणी शोषून बुळबुळीत होते, म्हणून गुठळ्या होतात. शिवाय कॉफी मुळातच कडू, त्यात कच्च्या पुडीचा तुरटपणा मिसळतो. म्हणून मसाला ग्लासात टाकायचा नाही, आधी साखरेच्या पाकात उतरवायचा, आणि तोही अख्खा.

200 ग्रॅम ब्राउन शुगर आणि 200 मिली पाणी घ्या. दालचिनीचे बोटभर लांबीचे दोन तुकडे, 4 लवंगा, 1 चक्रफूल आणि आल्याच्या 6-7 पातळ चकत्या. अख्खे मसाले कोरड्या पातेल्यात मंद आचेवर मिनिटभर परता. वास सुटला की लगेच पाणी आणि आलं घाला. दालचिनी करपली तर सगळा पाक वाया जातो, त्यामुळे इथे नजर हलवू नका. झाकण ठेवून 8 मिनिटं बारीक उकळी येऊ द्या. पाचव्या मिनिटाला लवंगा मात्र काढून टाका. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल हे द्रव्य जीभ बधिर करतं, आणि तसं झालं की कॉफीची चव कळतच नाही. मग आच बंद करून साखर विरघळवा, जायफळ दोन-तीनदा किसणीवर फिरवा, झाकून अर्धा तास ठेवा आणि फडक्यातून गाळा. साखर शेवटी घालायची, कारण मसाल्याचा अर्क दाट पाकापेक्षा नुसत्या पाण्यात चांगला उतरतो. जायफळाचा सुगंध उकळताना उडून जातो, म्हणून तेही शेवटीच.

हा पाक आटवायचा नाही. एकतारी झाला तर थंड शेकरच्या (कॉकटेल हलवायच्या झाकणाच्या भांड्याच्या) तळाशी चिकटून बसेल. साधारण 300 मिली पाक होतो आणि स्वच्छ बाटलीत फ्रिजमध्ये तीन आठवडे टिकतो. गढूळ दिसला किंवा आंबूस वास आला तर फेकून द्या.

प्रश्न: मग एका ग्लासाचं नेमकं माप काय? व्होडका घ्यावी की रम?

45 मिली दारू, 40 मिली कडक ताजी कॉफी, 15 मिली कॉफी लिकर (कॉफीच्या चवीची गोड दारू) आणि 15 मिली मसाल्याचा पाक. बारटेंडर डिक ब्रॅडसेल यांनी 1980च्या दशकात लंडनमध्ये एस्प्रेसो मार्टिनी रूढ केली ती व्होडकावर. व्होडकाला स्वतःची चव जवळजवळ नसते, त्यामुळे कॉफी पुढे येते. पण मसाल्यांबरोबर आमचा कौल डार्क रमला. तिच्यात काकवीचा आणि लाकडी पिंपाचा स्वाद असतो, तो दालचिनीशी सहज जुळतो. बोरबॉन ही अमेरिकन व्हिस्कीही चालेल. मुरवलेली रम बहुधा थोडी गोडसर लागते, म्हणून पाक आधी 10 मिलीच घाला आणि चाखून वाढवा.

चिमटीच्या टोकाइतकं मीठ जरूर टाका. ते खारट लागत नाही, पण कडूपणा दबतो.

प्रश्न: बाहेर मिळतो तसा वरचा दाट फेस घरी येतच नाही. मी फिल्टर कॉफी आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवते.

अडचण तिथेच आहे. ताज्या भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. मशीनमध्ये दाबाखाली एस्प्रेसो काढताना तो कॉफीत उतरतो, आणि कॉफीतली प्रथिनं व इतर घटक त्याचे बुडबुडे धरून ठेवतात. रात्रभर ठेवलेल्या फिल्टर कॉफीत हा वायू उरत नाही. मशीन नसेल तर मोका पॉट (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबावर कॉफी काढणारं भांडं) वापरा, फेस थोडा पातळ येईल पण येईल. इन्स्टंट कॉफीला नाक मुरडू नका. 40 मिली गरम पाण्यात 4 ग्रॅम विरघळवली तर फेस उत्तम येतो. चव मात्र साधीच राहते.

कॉफी दोन मिनिटं निवू द्या, नाहीतर बर्फ भसाभस वितळून पेय पाणचट होतं. बर्फ फ्रीझरमधून थेट काढलेला, मोठ्या तुकड्यांचा हवा. ओलसर, वितळू लागलेला बर्फ नको. शेकर 15 सेकंद जोर लावून हलवा. सुरुवातीला बर्फाचा आवाज खणखणीत येतो, मग मऊ पडतो. शेकरच्या धातूवर बाहेरून पांढुरकं दव धरतं आणि शेकर हातात धरवेनासा होतो, तेव्हा थांबा. लगेच, एका दमात, आधीच फ्रीझरमध्ये गार केलेल्या ग्लासात गाळा. शेकर बाजूला ठेवून ग्लास शोधायला गेलात तर फेस शेकरमध्येच राहील.

एवढं करूनही फेस येत नसेल तर काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी 15 मिली घाला. आधी बर्फाशिवाय दहा सेकंद शेक करा, मग बर्फ घालून.

प्रश्न: आठ जणांसाठी एकदम करता येईल?

कॉफी सोडून सगळं आधी करता येतं. 360 मिली रम, 120 मिली लिकर आणि 120 मिली पाक बाटलीत एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा. आयत्या वेळी दर ग्लासाला हे मिश्रण 75 मिली आणि ताजी कॉफी 40 मिली. एका वेळी दोनच ग्लास शेक करा. शेकर भरला की आत हवेला जागा उरत नाही आणि फेस होत नाही.

प्रश्न: कॉफी असल्यामुळे हे कमी चढतं, खरं का?

नाही. 40 टक्क्यांची 45 मिली दारू आणि 20 टक्क्यांची 15 मिली लिकर मिळून एका ग्लासात 21 मिली, म्हणजे साधारण साडेसोळा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. कॅफिनमुळे तरतरी वाटते, रक्तातलं अल्कोहोल कमी होत नाही. उलट किती प्यायलो याचा अंदाज चुकतो. पिऊन गाडी चालवायची नाही हे इथेही लागू. झोप उडत असेल तर डीकॅफ (कॅफिन काढलेली कॉफी) वापरा, चवीत फार फरक पडत नाही.

प्रश्न: हेच गरम करून वर क्रीम घालते, पण क्रीम बुडतं.

गरम प्रकारात लिकर नको. गरम पाण्याने तापवलेल्या ग्लासात 40 मिली व्हिस्की आणि 15 मिली पाक घ्या, त्यावर 120 मिली गरम कॉफी ओतून ढवळा. दारू कॉफीबरोबर उकळू नका, तिचा सुगंध उडतो आणि वाफ पेट घेऊ शकते.

क्रीम बुडण्याची कारणं दोन. एक, कॉफीत साखर कमी. साखरेने कॉफी जड होते, मग क्रीम वर टिकतं. दुसरं, क्रीम पातळ. किमान 35 टक्के फॅट असलेलं थंडगार क्रीम दाट होईपर्यंत फेटा, पण चमच्यावरून ओघळलं पाहिजे. घट्ट शिखरं आली तर तो गोळा बनून नुसता तरंगतो, घोटाबरोबर तोंडात येत नाही. चमचा उलटा करून कॉफीला टेकवा आणि त्याच्या पाठीवरून क्रीम हळूहळू सोडा. मग ढवळू नका, गरम कॉफी थंड क्रीममधून प्यायची. वर जायफळ किसायचं असेल तर ते इथेच शोभतं. क्रीमवर पूड नीट बसते.